तुच्छता कोणाची? जुन्या संगीतिकांविषयी

पाश्चात्त्य ऑपेरा, म्हणजे संगीतिका, यांतील काही गाजलेल्या कृतींत परवंशीयांचे चित्रण उपहासाने किंवा अज्ञानाने केलेले आढळते. त्या आज रंगमंचावर आणाव्यात काय, हा वाद युरोप-अमेरिकेत चालू आहे. आपल्याला तो सर्वस्वी परका नाही. दलिबच्या ‘लाक्मे’मध्ये (पॅरिस, १८८३) ब्राह्मण पुरोहिताची कन्या इंग्रज अधिकाऱ्यावर जीव जडवते आणि अखेर धोत्र्याचे पान खाऊन मरते. पॅरिसच्या प्रेक्षकाला दाखवलेला हिंदुस्थान तो हाच.

‘बंदी घाला’ आणि ‘जसेच्या तसे करा’ ही दोन्ही उत्तरे सोपी आहेत, म्हणूनच अपुरी वाटतात. प्रथम पाहावे ते हे, की दोष कृतीत आहे की प्रयोगाच्या रूढीत. व्हेर्दीच्या ‘ओतेल्लो’चा (१८८७) नायक मूर आहे, हे संहितेत आहे, गोऱ्या गायकाने चेहऱ्याला काळा रंग फासणे ही रंगपटाची चाल. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने २०१५ साली ती सोडली आणि संगीतातला एक स्वरही उणा झाला नाही. याउलट वेरोना येथे २०२२ साली ‘आयदा’त ती पाळली गेली, तेव्हा कृष्णवर्णीय अमेरिकन गायिका एंजल ब्लू यांनी त्याच महोत्सवातील ‘ला त्राव्हियाता’मधून आपले नाव मागे घेतले. परंपरेचे समर्थन करणाऱ्यांनी सहकलाकाराला मोजावी लागलेली ही किंमतही हिशेबात धरावी.

दुसरा प्रश्न शब्दांचा. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या ‘द मिकाडो’त (लंडन, १८८५) निग्रोंविषयीचा एक हीन शब्द होता. अमेरिकेतून हरकती आल्यावर १९४८ साली ए. पी. हर्बर्ट यांच्याकडून ती जागा बदलून घेण्यात आली. ते योग्यच झाले, कारण त्या शब्दाने कोणत्याही पात्राचा स्वभाव उलगडत नव्हता. ती प्रेक्षकांशी केलेली सवंग सलगी होती. १९०७ साली जपानी राजपुत्राच्या भेटीसाठी याच नाटकाचा परवाना काही काळ स्थगित झाला होता. परंतु ती राजशिष्टाचाराची सोय, नीतीचा विचार नव्हे. वस्तुतः थट्टा आहे ती इंग्रजी अधिकारीवर्गाची. सर्व पदे एकट्याकडे ठेवून प्रत्येक पदाच्या नावाने चिरीमिरी घेणारा पू-बाह कचेरीत आयुष्य घालवलेल्या कोणालाही ओळखता येईल. जोनाथन मिलर यांनी १९८६ साली हे नाटक एका इंग्रजी हॉटेलात घडवले; जपान गेला, पण विनोद शाबूत राहिला.

‘मादामा बटरफ्लाय’ची गोष्ट मात्र उलट आहे. मिलानमधील पहिला प्रयोग १७ फेब्रुवारी १९०४ रोजी कोसळल्यावर पुच्चीनीने ती पुनःपुन्हा सुधारली. १९०६ च्या पॅरिस प्रयोगासाठी अमेरिकन नौदल अधिकारी पिंकर्टनची जपान्यांविषयीची कुत्सित वाक्ये कमी केली. परिणाम काय झाला? प्रेक्षकाला टोचणारे शब्द गेले, पण त्याबरोबर त्या माणसाचा अपराधही सौम्य झाला. पंधरा वर्षांच्या मुलीशी मोडता येणारे लग्न लावून निघून जाणारा पुरुष तिच्या आप्तांना काय लेखतो, हे ऐकू येणे आवश्यक आहे. ला स्काला या नाट्यगृहाने २०१६ च्या हंगामाचा प्रारंभ मूळ १९०४ च्या पाठाने केला, तो निर्णय मला त्यामुळेच अधिक प्रामाणिक वाटतो.

तेव्हा कसोटी अशी: ही तुच्छता पात्राची आहे की कृतीची? पात्राची असेल, तर ती झाकू नये. तिच्याविना पात्र खोटे पडते. कृतीचीच असेल आणि ती वेगळी काढता येत असेल, तर संकोच न करता काढावी. ‘तुरान्दोत’सारख्या (१९२६) कृतीत चीनविषयीची कल्पनाच गाभ्यात मुरलेली आहे, तेथे कात्री चालत नाही. अशा वेळी कार्यक्रमपत्रिकेत खेदाचे चार शब्द छापून भागणार नाही. दिग्दर्शकाने पात्रांना माणूसपण द्यावे, त्या समाजातील कलावंतांना तालमीपासून सोबत घ्यावे, आणि तेवढी तयारी नसेल तर त्या वर्षी दुसरी संगीतिका निवडावी.