किहीमकरांचा इतिहास आणि आडनांवांची साक्ष

ज्याचीं पंचवीस-तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत गेलीं त्यानें इतिहासाच्या वाटेस जाऊं नये, असें माझे मित्र मला वेळोवेळीं बजावीत असतात. परंतु अलिबागेंत राहणाऱ्यास ही वाट टाळूं म्हटल्यास टळत नाहीं. गेल्या पौषांत इस्राएल देशांतून आलेलें एक कुटुंब, आजी, तिची मुलगी व एक तरुण नात, इस्राएल आळींतील मागेन आबोथ हें प्रार्थनामंदिर पाहून माझ्याकडे आलें. ह्या गृहस्थांजवळ किहीमकरांचें पुस्तक आहे, असें त्यांना कोणी तरी सांगितलें होतें. नातीचा प्रश्न अगदीं सरळ होता: आमचे पूर्वज कोणत्या गांवचे, आणि त्यांचीं नांवें काय? सबंध दुपार आम्ही तो ग्रंथ चाळीत बसलों. पहिल्या प्रश्नाचें अर्धेंमुर्धें उत्तर मिळालें. दुसऱ्याचें मुळींच मिळालें नाहीं. ज्या ग्रंथास बेने इस्राएलांच्या पूर्ववृत्ताचा मूलाधार मानतात त्यानें त्याच समाजांतील एका कुटुंबाला रित्या हातानें परत पाठवावें, ह्याचें कारण काय, हा विचार त्या दिवसापासून मनांत घोळत होता. तोच येथें मांडीत आहें.

हाइम सॅम्युएल किहीमकर हे मुंबईतील बेने इस्राएल समाजाचे एक कर्ते पुरुष. १८७५ सालीं त्या समाजासाठीं जी शाळा निघाली तिच्या उभारणींत त्यांचा वांटा मोठा होता. आपल्या समाजाचा इतिहास त्यांनीं इंग्रजींत लिहिला आणि १८९७ त हातावेगळा केला. पण तो छापला गेला १९३७ त, आणि तोही मुंबईस नव्हे तर तेल अवीव येथें, डॉ. ऑल्सवेंगर ह्यांच्या खटपटीनें. म्हणजे चाळीस वर्षें हें हस्तलिखित पडून होतें. ज्या लोकांची घरची भाषा मराठी, ज्यांचीं कीर्तनें मराठी, त्यांचा इतिहास इंग्रजींत कां लिहिला गेला, ह्याचा उलगडा केल्यावांचून ग्रंथाचें मर्म कळावयाचें नाहीं.

हा ग्रंथ घरच्या माणसांसाठीं लिहिलेलाच नाहीं. तो परक्यांपुढें मांडलेली कैफियत आहे. जॉन विल्सनसारखे मिशनरी ह्या समाजांत हिब्रू शिकवीत होते व त्याच्या उत्पत्तीबद्दल तर्क लढवीत होते. बगदादहून मुंबईस आलेले धनाढ्य यहुदी ह्या तेल गाळणाऱ्या कोंकण्यांकडे संशयानें पाहत होते. ह्या सर्वांना ‘आम्ही अस्सल आहों’ असें पटवून देणें हें किहीमकरांचें काम. नौगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, बाकीच्यांना दोन उंचवट्यांखालीं मूठमाती मिळाली, ही कथा आमच्या ताटांतील भातासारखी परिचयाची आहे. किहीमकर तिला इसवी सनापूर्वीं १७५ हा काळ देतात व अँटायोकसच्या जुलुमाशीं तिचा सांधा जुळवितात. वकिलास साल हवें असतें. दंतकथेला तें नको असतें. सह्याद्रिखंडांत परशुरामानें चौदा प्रेतें सजीव केलीं, आणि सात जोडपीं म्हणजेही चौदाच माणसें. ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत आलेली आहे. कोणी कोणाची कथा उचलली हा वाद मला निष्फळ वाटतो. एकाच किनाऱ्यावर राहणाऱ्या दोन समाजांनीं आपलें येणें एकाच तऱ्हेनें सांगावें, इतकें शेजारपण त्यांत दिसतें तें मला पुरे आहे. अलिबाग हें नांव ज्या अलीच्या बागांवरून पडलें तो मुसलमान कीं बेने इस्राएल, ह्याविषयींही आमच्या गांवांत अशींच दोन मतें आहेत, आणि नारळाच्या झाडांना त्याची पर्वा नाहीं.

पण वकील जेथें विसांवा घेतो व किहीमकर केवळ आपल्या आळींतले गृहस्थ होऊन बोलतात, तेथें ग्रंथ खरोखर फार मोलाचा झाला आहे. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ हें नांव. एलियाहू संदेष्ट्याच्या नांवें होणारा मलिदा. सण, लग्नें, सुंता ह्यांचीं बारीकसारीक वर्णनें. आणि सर्वांत सुरस म्हणजे नांवांची जोडणी. सॅम्युएलचा सामाजी, अब्राहमचा आबाजी, बेंजामिनचा बनाजी, मोशेचा मुसाजी! मुंबईचें पहिलें प्रार्थनामंदिर १७९६ त बांधणारे सॅम्युएल एझकेल दिवेकर हे आपल्या लोकांत सामाजी हसाजी दिवेकर होते. ही यादी किहीमकरांनीं बहुधा परक्या वाचकाचें कुतूहल पुरविण्यासाठीं दिली असावी. तिचा खरा उपयोग काय तो पुढें सांगतों.

आतां दोषाकडे वळतों. आणि तो लहान नाहीं. समाजांत गोरे इस्राएल व काळे इस्राएल असा भेद होता. काळे म्हणजे स्थानिक स्त्रियांपासून झालेली संतति समजली जाई, व त्यांच्याशीं बेटीव्यवहार होत नसे. किहीमकर हें नमूद करितात, परंतु त्याबद्दल त्यांना खंत वाटल्याचें दिसत नाहीं. बगदादी यहुद्यानें ‘तुमचें रक्त शुद्ध कशावरून’ असें विचारलें तर हेच लेखक व्याकुळ होतात. आणि तोच प्रश्न आपल्या दारीं उभ्या असलेल्या काळ्या इस्राएलाला समाज विचारतो तेव्हां त्यांची लेखणी स्वस्थ राहते. वंशवृत्त हें ज्याच्या हातीं जमाखर्चाची वही असते त्याच्याकडून कुंपण होऊन बसतें, तें असें.

ह्या कुंपणाचे कांटे पुढें त्यांच्याच नातवंडांना बोंचले. १९४८ नंतर हजारों कुटुंबें इस्राएलांत गेलीं, आणि १९६२ सालीं तेथील मुख्य धर्मपीठानें लग्ननोंदणी करणाऱ्यांस आदेश दिला कीं, बेने इस्राएल वधूवरांच्या मातेची, मातामहीची व त्यामागील जितक्या पिढ्या हातीं लागतील तितक्यांची चौकशी करावी. कोंकणांतल्या तेलिणीच्या पणजीचा दाखला जेरुसलेमांत कोण आणून देणार? निदर्शनें झालीं, उपोषणें झालीं, आणि १९६४ त तेथील लोकसभेंत हा प्रश्न येऊन तो आदेश सौम्य करावा लागला. घराण्याचा शोध हा फुरसतीचा छंद आहे अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं हीं दोन वर्षें ध्यानांत आणावीं. त्या दिवसांत किहीमकरांचा ग्रंथ असून नसल्यासारखा होता. कारण त्यांत समाज आहे, कुटुंबें नाहींत.

मग कुटुंबाचा माग कशानें लागावा? लोक म्हणतात, आडनांवानें. पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगांवकर, अष्टमकर. अशीं शंभराहून अधिक आडनांवें ह्या समाजांत आहेत व प्रत्येकामागें कुलाब्याकडचें एखादें गांव उभें आहे. ह्या साक्षीवर मी मात्र जपून विश्वास ठेवीन. किहीम गांवांत राहणारा मनुष्य स्वतःस किहीमकर म्हणवीत नाहीं. तेथें सारेच किहीमचे. गांव सोडलें म्हणजे ‘कर’ चिकटतो. तेव्हां हें आडनांव पूर्वज कोठें राहत होता ह्यापेक्षां तो कोठून निघाला हें सांगतें; आणि तेंही एकदांच, ज्या वेळीं तें कायम झालें त्या वेळचें. त्यापूर्वींच्या व नंतरच्या स्थलांतरांविषयीं तें मुकें असतें. शिवाय पेणहून निघालेले सगळेच पेणकर, मग ते कोणत्याही जातीचे असोत.

नॉर्वेंतून अमेरिकेंत गेलेल्या लोकांचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. १८२५ त स्टाव्हांगर बंदरांतून ५२ माणसांना घेऊन एक लहानसें गलबत निघालें आणि न्यूयॉर्कला पोंचलें, तेव्हां वाटेंत एक मूल जन्मून त्यांची संख्या ५३ झाली होती. त्यांच्यामागून लाखों गेले. त्यांचींही आडनांवें पुष्कळदां शेतवाडीवरून पडलेलीं. आणि वाडी बदलली कीं नांवही बदले. मिनेसोटांतील नातू आज आपल्या खापरपणजोबांना शोधूं लागतो तेव्हां आडनांव त्यालाही चकवितें. पण त्याच्या पाठीशीं पाद्र्यांच्या बाप्तिस्म्याच्या व लग्नांच्या वह्या असतात, आणि परगण्यापरगण्याचे असे ग्रंथ असतात कीं त्यांत एकेका वाडीवर कोण कोणामागून नांदला ह्याची पिढीजात नोंद आहे. त्यांचें गलबत इतिहासांत निघालें. आमचें दंतकथेंत फुटलें. फरक नोंदीचा आहे, निष्ठेचा नव्हे.

अलीकडे रक्ताची परीक्षा करणारे शास्त्रज्ञ ह्या वादांत उतरले आहेत. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाप्रमाणें बेने इस्राएलांत यहुदी व भारतीय असे दोन्ही अंश ठळक आहेत. त्यांचा संगम सुमारें १९ ते ३३ पिढ्यांपूर्वींचा असावा, आणि यहुदी अंश मुख्यत्वें पुरुषांकडून व भारतीय अंश स्त्रियांकडून आला असावा. किहीमकरांची बाजू ह्यानें राखली आणि मोडलीही. पश्चिमेकडून माणसें आलीं, हें खरें ठरलें. पण सात स्त्रियांच्या जागीं कोंकणांतल्या अनेक स्त्रिया येऊन बसल्या, आणि गोऱ्या-काळ्याचा भेद कशावर उभा होता हें विचारण्याची सोय राहिली नाहीं. मला ह्यांत लाज वाटण्याजोगें कांहींच दिसत नाहीं. १८७४ त पुण्यास छापलेल्या हग्गादाच्या आरंभींच्या चित्रांत सणाची भाकरी करणाऱ्या बायका मराठी वेषांतच बसलेल्या आहेत. चित्रकारानें जें पाहिलें तें काढलें.

तात्पर्य काढीत बसण्यापेक्षां जें करावयास हवें तें सांगतों. प्रार्थनामंदिरांच्या लग्नाच्या व सुंतेच्या वह्या, पलटणींतल्या सुभेदार-जमादारांचे सेवापट, आणि तालुक्याच्या कचेरींतील फेरफाराचीं पुस्तकें हीं एकत्र लावून गांववार नकला झाल्या पाहिजेत. कागदाला वाळवी लागण्याआधीं हें काम एखाद्या महाविद्यालयानें हातीं घ्यावें. किहीमकरांचा ग्रंथ त्या वेळीं किल्लीसारखा उपयोगी पडेल. माझ्या पाहुण्यांच्याच बाबतींत तसें घडलें.

त्यांचें आडनांव रोह्याजवळच्या अष्टमीचें. परंतु आजीबाईंच्या आठवणींत होती ती वाडी रेवदंड्याची. विहीर, रहाट आणि कुंपणाशीं वांकलेला एक माड. नात गोंधळली, कारण तिनें अष्टमीचा रस्ता विचारून ठेवला होता. मी त्यांना रेवदंड्यास जाण्याचा सल्ला दिला व ओळखीच्या एका गृहस्थांस बरोबर दिलें. तिसऱ्या दिवशीं तीं परत आलीं तीं फेरफाराच्या एका जुन्या नोंदीची नक्कल घेऊन. जातीच्या रकान्यांत शनवार तेली, आणि खातेदाराच्या जागीं बनाजी सामाजी. “हे आमचे नव्हेत,” नात खिन्नपणें म्हणाली, “आमच्यांत अशीं नांवें नसतात.” मी किहीमकरांची यादी उघडून तिच्यापुढें सरकविली. आजीबाईंनीं चष्मा लावला, बोट ठेवून दोन ओळी वाचल्या आणि नातीला स्वच्छ मराठींत म्हणाल्या, “अगो, बनाजी म्हणजे बेंजामिन. तुझ्या मामाला ज्यांचं नांव ठेवलं ते.”