भटकंती खरंच ‘रक्तात’ असते का? एका गाजलेल्या पेपरची उलटतपासणी

‘त्या लोकांच्या रक्तातच आहे ते’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. पारावर कुणी म्हटलं तर आपण सोडून देतो. पण तेच म्हणणं जनुक आणि आकडे घेऊन जर्नलमध्ये आलं की आपण मान डोलवतो. म्हणून आज एक पेपर नीट वाचू. संशोधनाकडे वळणाऱ्यांना त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे, बलस्थानांतूनही आणि कच्च्या दुव्यांतूनही.

चुआनशेंग चेन आणि सहकाऱ्यांचा हा पेपर १९९९ मध्ये ‘इव्होल्यूशन अँड ह्यूमन बिहेवियर’मध्ये आला. विषय डीआरडी४ हे जनुक. मेंदूतला डोपामिनचा एक रिसेप्टर यावरून तयार होतो. या जनुकात ४८ अक्षरांचा एक तुकडा पुन्हापुन्हा येतो. कुणात तो चारदा येतो, कुणात सातदा. १९९६ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मधल्या दोन पेपरांनी म्हटलं होतं की ज्यांच्यात लांब आवृत्ती आहे त्यांना नव्याची ओढ जास्त असते. चेन यांनी त्यापुढचा प्रश्न विचारला: ज्यांचे पूर्वज लांबवर स्थलांतर करत गेले, त्या समूहांत ही लांब आवृत्ती जास्त सापडते का?

३९ समूह, २,३२० व्यक्ती. लांबच्या स्थलांतराशी सहसंबंध आला ०.८५. वर्तनाच्या अभ्यासात एवढा आकडा क्वचित दिसतो. प्रश्न धाडसी आहे आणि तो तपासता येईल अशा रीतीने मांडलाय, याचं श्रेय द्यायलाच हवं.

आता अडचणी बघू.

पहिली अडचण मोजमापाची. युक्तिवादाच्या कड्या अशा आहेत: वंशावरून जनुक, जनुकावरून स्वभाव, स्वभावावरून स्थलांतर. पेपरने मोजलं काय, तर समूहातलं आवृत्तीचं प्रमाण आणि स्थलांतराचं अंतर. स्वभाव कुणाचाच मोजलेला नाही. मधली कडी १९९६ च्या पेपरांकडून उसनी आणलेली आहे, आणि नेमकी तीच पुढे ढिली पडली. २००८ मध्ये मुनाफो आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा आवृत्तीच्या लांबीचा नावीन्याच्या ओढीशी संबंध दिसला नाही. याच जनुकातल्या दुसऱ्या एका जागेचा संबंध असू शकतो, पण तोही अगदी थोडा.

दुसरी अडचण स्वतंत्रतेची. ३९ समूह म्हणजे ३९ सुटे पुरावे नव्हेत. दक्षिण अमेरिकेतले अनेक मूळ समूह मोजक्या पूर्वजांपासून फुटत गेले. त्या मोजक्या लोकांत एखादी आवृत्ती योगायोगाने जास्त असेल, तर ती सगळ्या वंशजांत जास्त दिसेल. त्यासाठी कुणाचा स्वभाव साहसी असायची गरज नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस गाल्टन यांनी एडवर्ड टायलर यांच्या कामावर हीच हरकत घेतली होती. अर्थात, प्रामाणिकपणे सांगायचं तर २०११ मध्ये मॅथ्यूज आणि बटलर यांनी समूहांचं जनुकीय नातं हिशोबात धरलं, तरीही स्थलांतराशी संबंध उरला. पण तो अंतर आणि जनुक यांच्यातला. मधली कडी त्याने जोडली जात नाही.

तिसरी अडचण वाचकाच्या उडीची. समूहाचा सहसंबंध व्यक्तीला लावता येत नाही. विल्यम रॉबिन्सन यांचं १९५० मधलं उदाहरण पाठच करून ठेवा. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी. सहसंबंध सुमारे उणे ०.५३. मग परदेशात जन्मलेले जास्त साक्षर होते का? नाही! व्यक्तीनिहाय पाहिलं तर सहसंबंध अधिक ०.१२, म्हणजे थोडा उलटाच. ते लोक जिथे साक्षरता आधीच जास्त होती अशा राज्यांत राहायला गेले होते, एवढंच.

इथे कुणी म्हणेल, ‘पण स्वभाव आनुवंशिक असतोच ना?’ असतो, काही प्रमाणात. २०१५ च्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात व्यक्तिमत्त्वाची आनुवंशिकता सुमारे ४० टक्के आली. पण हा आकडा एका समूहातल्या माणसामाणसांतल्या फरकाबद्दल आहे. दोन समूहांतल्या फरकाचं कारण तो सांगत नाही. एकाच पोत्यातलं बियाणं एका सुपीक आणि एका नापीक वाफ्यात पेरा. प्रत्येक वाफ्यातल्या रोपांमधले फरक बियाण्यामुळे असतील, पण दोन वाफ्यांतला फरक मातीमुळेच असेल. रिचर्ड ल्युऑन्टिन यांचा हा दाखला प्रसिद्ध आहे.

हा नुसता काथ्याकूट नाही. १८७१ च्या ब्रिटिश कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पारधी वस्तीकडे संशयाने बघणं थांबलेलं नाही. चेन यांचा पेपर असलं काही म्हणत नाही, हे स्पष्ट करतो. पण ‘समूह, जनुक, स्वभाव’ ही साखळी एकदा मान्य केली की कुणावरही शिक्का मारणं सोपं होतं.

तेव्हा असा पेपर हातात आला की तीन प्रश्न विचारा. ज्याबद्दल दावा आहे तेच मोजलंय का? नमुने एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का? निष्कर्ष समूहाचा आहे की माणसाचा? वंशावरून चेन यांना आवृत्तीचं प्रमाण सांगता आलं. समोर बसलेला माणूस कसा आहे, ते नाही.