नाताळचे बालचित्रपट आणि गव्हाणीची कथा

आगमनकाळ सुरू झाला की घरोघरी फराळाची, गव्हाणीची आणि चांदणीची तयारी चालते. अलीकडे तीत नाताळच्या चित्रपटांची भर पडली आहे. मोठ्यांच्या करमणुकीची आपण चिकित्सा करतो. बालचित्रपट मात्र ‘मुलांसाठीच तर आहे’ असे म्हणून न पारखताच घरात घेतो. वस्तुतः चिकित्सा व्हावयास हवी ती याच चित्रपटांची. कारण लहान मूल पाहिलेले निवडून घेत नाही, ते जसेच्या तसे मनात साठवते.

रॉबर्ट झेमेकिस यांचा ‘द पोलर एक्सप्रेस’ (२००४) पाहावा. नाताळच्या आदल्या रात्री एक मुलगा आगगाडीने उत्तर ध्रुवावर जातो. तेथे त्याला सांताक्लॉजच्या गाडीची घंटा भेट मिळते. ज्याचा विश्वास आहे त्यालाच ती ऐकू येते. मुलाच्या आईवडिलांना ती ऐकू येत नाही. चित्रण मनोहर आहे यात शंका नाही. तथापि ‘विश्वास’ हा आपल्या श्रद्धाजीवनातील शब्द येथे कोणाच्या चरणी वाहिला आहे? चौथ्या शतकातील मायराचे बिशप संत निकोलस गुपचूप दान करीत, अशी परंपरा आहे. त्या संताचा ह्या सांताशी नावापुरताच संबंध उरला आहे. मूल मोठे झाले की सांता गळून पडतो, आणि त्याच्याबरोबर विश्वास हा शब्दही पोरखेळ ठरण्याचा धोका असतो.

दुसरा धोका अधिक जवळचा आहे. ‘चांगल्या मुलांनाच सांता भेट देतो’ ह्या समजुतीवर कित्येक चित्रपट उभे असतात. वर्धा जिल्ह्यातील आर्वीसारख्या कापसाच्या मुलखात डिसेंबर म्हणजे वेचणीचे दिवस. ज्या वर्षी भाव पडतो त्या वर्षी नवे कपडे घेणेही कित्येक घरांना जड जाते. अशा घरातील मुलाने तो चित्रपट पाहून कोणता निष्कर्ष काढावा? आपल्याला भेट मिळाली नाही, त्याअर्थी आपणच वाईट! लूकच्या शुभवर्तमानात देवदूत आनंदाची वार्ता सांगतो ती रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. आणि ती सांगण्यापूर्वी त्यांच्या वर्तनाचा हिशेब तो मागत नाही. कृपा कमवावी लागत नाही, हे नाताळचे मर्म. हिशेबी सांता नेमके तेच उलटे करतो.

ख्रिस कोलंबस यांच्या ‘होम अलोन’विषयी (१९९०) मात्र घाईने मत बनवू नये. चोरांची फजिती पाहून मुले खदखदून हसतात. त्या फजितीत क्रूरपणा आहे, हेही खरे. पण चित्रपटाचा प्राण आहे तो चर्चमधील प्रसंगात. घरी एकटा राहिलेला केव्हिन तेथे शेजारच्या वृद्धाला भेटतो. मुलाशी भांडण झाल्यामुळे त्या आजोबांना नातीचे गाणे असे दुरूनच ऐकावे लागते. ‘मुलाला फोन करा,’ असे आठ वर्षांचा केव्हिन त्यांना सुचवतो, आणि शेवटी त्या घरात समेट घडतो. मुलांबरोबर बसून ह्या एका प्रसंगावर बोलले, तर तो चित्रपट वाया गेला नाही.

१९६५ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर आलेला ‘अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस’ जेमतेम पंचवीस मिनिटांचा. बाजारू नाताळाने खिन्न झालेला चार्ली सर्वांत मरतुकडे झाड निवडतो. नाताळ म्हणजे काय, ह्या त्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून लायनस हा त्याचा मित्र लूकचा वृत्तान्त शांतपणे म्हणून दाखवतो. ‘द स्टार’ (२०१७) मध्ये तर गव्हाणीची कथा गाढवाच्या नजरेतून सांगितली आहे. त्यात धावपळ आणि गोंगाट फार. पवित्र मरिया आणि संत योसेफ पुष्कळदा मागे पडतात. तरीही राजाच्या लवाजम्यात जाण्याचे स्वप्न पाहणाऱ्या गाढवाला अखेरीस कळते की, आपण खऱ्या राजालाच वाहून आणले. ही गोष्ट पाच वर्षांच्या मुलालाही उमगते.

चित्रपट आणि मराठी माणूस यांचा संबंध तर ख्रिस्तकथेपासूनच सुरू होतो. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला. तो पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. परकी कथा पाहून फाळके आपल्या मातीकडे वळले. आपण मात्र आपलीच कथा परक्या बर्फात शोधतो. आर्वीच्या मुलाने धुराडे पाहिलेले नसते, रेनडिअरही नसतो; पण गोठा, गव्हाण, कडबा आणि रात्रभर राखण करणारा माणूस हे सारे त्याच्या ओळखीचे असते. बेथलेहेम त्याला उत्तर ध्रुवापेक्षा जवळ आहे.

म्हणून चित्रपट बंद करावेत असे सुचवावयाचे नाही. ते मुलांसोबत बसून पाहावेत, संपल्यावर एखादा प्रश्न विचारावा, आणि मग घरातील गव्हाणीसमोर बसून ती कथा आपल्या बोलीत सांगावी. ते काम आईवडिलांचे आहे. पडद्यावर सोपवून ते होणार नाही.