आधीचा फोटो, नंतरचा फोटो आणि मधला पिंपळ

हे दोन फोटो तुम्हीही पाहिले असतील. डावीकडे झुडपांत बुडालेला बुरूज. उजवीकडे तोच बुरूज मोकळा झालेला, आणि खाली घमेली-फावडी घेऊन उभी असलेली पोरंपोरी. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाचे असे फोटो 2017 पासून फिरताहेत. मागच्या महिन्यात आमच्या बडनेऱ्याच्याच एका ज्युनिअरने त्यातले दोन मला पाठवले आणि विचारलं, "ताई, यावर पीएच.डी.चं प्रपोजल होईल का? लोकसहभागातून वारसा संवर्धनाचं यश असा विषय घेतो." मी म्हटलं, होईल की, पण 'यश' हा शब्द आधी खोड. तो जरा नाराजच झाला.

म्हणून आधी त्या कामाबद्दल. मार्च 2017 मध्ये बंडू धोतरे यांच्या इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी हा परकोट साफ करायला घेतला. सुमारे 11 किलोमीटरची तटबंदी, तीही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित यादीतली. दोनशेहून अधिक दिवस रोज काम चाललं. ऑक्टोबर 2017 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला, तोही नेमका या आधी-नंतरच्या फोटोंच्या संदर्भात. नंतर संस्थेने किल्ल्यावर हेरिटेज वॉक सुरू केला. इतके दिवस सलग कुणी कशासाठी राबतं हो? मी त्या कामाला नावं ठेवत नाहीये. माझी तक्रार आहे ती आपण ते फोटो ज्या पद्धतीने वाचतो त्याबद्दल.

आधी-नंतरचा फोटो एवढंच सिद्ध करतो, की त्या जागी, त्या दिवशी झाडोरा नव्हता. भिंतीतल्या सांध्यांचं काय झालं, मुळं आत राहिली का, एक पावसाळा गेल्यावर तोच कोन कसा दिसतो, यातलं काहीच त्यात नाही. शिवाय फोटो कुठला निवडला जातो? जिथे फरक डोळ्यात भरतो तिथला. उरलेले किलोमीटर चौकटीच्या बाहेरच राहतात. प्रयोगशाळेत आपण कंट्रोल नसलेला निकाल स्वीकारत नाही, मग भिंतीच्या बाबतीत का स्वीकारतो?

हे मी पुस्तकातून शिकले नाही. दोन वर्षांपूर्वी अमरावतीच्या परकोटापाशी एका सकाळच्या सफाईत मीही होते. सांध्यात उगवलेलं हातभर पिंपळाचं रोप दोघींनी मिळून ओढून काढलं. रोपाबरोबर चुन्याचा भुगा आला आणि पाठोपाठ एक दगडही. आम्ही हसलो, फोटो काढला. तिथेच भिंतीला पाठ लावून जिचं घर आहे ती मावशी बघत होती. म्हणाली, "पोरी, झाड काढलं तं काढलं, पण हा गोटा आता कोन लावीन?" कुणाकडेच उत्तर नव्हतं. ती पोकळी मी मध्ये जाऊन पाहिली. कुणीतरी सिमेंट भरलंय.

माझा विषय रसायनशास्त्र, तेव्हा एवढं सांगायचा हक्क आहे. पिंपळाचं बी पक्ष्यांच्या विष्ठेतून सांध्यात पडतं आणि मूळ ओल शोधत आत जातं. ते ओढायचं नसतं. बुंध्याशी कापायचं, मूळ मारायचं आणि सांधा चुन्यानेच भरायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत वर्षानुवर्षे हळूहळू घट्ट होतो. तो मऊ असतो आणि ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट कडक, ते ओल अडवतं. मग ओल शेजारच्या जुन्या चुन्यातून किंवा दगडातून वाट काढते आणि तिच्याबरोबरचे क्षार तिथे स्फटिक होऊन पापुद्रे काढतात. आमच्याकडे दगड काळा बेसाल्ट, घट्ट, त्यामुळे मार जास्त सांध्यांवर बसतो. चंद्रपूरच्या भागात वालुकाश्म, तो सच्छिद्र. म्हणजे तिकडची रीत इकडे जशीच्या तशी उचलता येणार नाही.

आणि भिंतीच नाहीत, माणसंही वेगळी आहेत. अमरावतीचा परकोट 1807 मध्ये निजामाच्या राजवटीत सुरू झाला, पेंढाऱ्यांपासून इथल्या पैसेवाल्या व्यापाऱ्यांना वाचवायला. वीस ते सव्वीस फूट उंच, सव्वादोन मैलांचा घेर, पाच दरवाजे, चार खिडक्या. आज तिला टेकून घरं आहेत, दुकानं आहेत. 'लोकसहभाग' म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर टोपी घातलेला स्वयंसेवक येतो. मावशी येत नाही. आणि संवर्धनाची सगळ्यात मोठी किंमत तिच्याच वाट्याला येऊ शकते. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवीन बांधकामाला कायद्याने मनाई आहे. चंद्रपुरात परकोटालगत राहणाऱ्यांना हे विचारून बघा. प्रपोजलमध्ये ते लोक नसतील तर सहभाग कुणाचा मोजणार?

आता माझ्या बाजूची कमजोरीही सांगायला हवी. चुना, क्षार, मुळं मोजून चंद्रपूरच्या कामाचा हिशेब पुरा होत नाही. ज्या भिंतीकडे कुणी बघत नव्हतं तिच्यावरून लोक आता चालतात, मुलांना दरवाज्यांची नावं सांगतात. माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली हे येत नाही, म्हणून ते घडलंच नाही असं म्हणणं म्हणजे फोटोवाल्यांचीच चूक उलट्या दिशेने करणं. ज्युनिअरने मला नेमकं हेच ऐकवलं, आणि बरोबर ऐकवलं. भाऊ शिकतोय.

शेवटी आम्ही प्रश्न बदलला: सफाईनंतर तीन पावसाळ्यांत सांध्यांचं काय होतं, आणि भिंतीलगत राहणारे लोक तिची डागडुजी कशाने करतात? वीस जागा. त्याही नकाशावर चिठ्ठ्या टाकून निवडायच्या, डोळ्याला बऱ्या वाटतील त्या नाही. प्रत्येक जागेचा फोटो त्याच उंचीवरून, शेजारी मोजपट्टी धरून. निम्म्या जागांना हातच लावायचा नाही. गाईडने पहिल्या मसुद्यावर लाल पेनाने 'फार छोटं' असं लिहिलंय, ते भांडण चालू आहे.

येत्या रविवारी तो बडनेऱ्याहून टेप आणि वही घेऊन अंबागेटला जातोय. चिठ्ठीत येवो न येवो, आमची ती सिमेंट भरलेली पोकळी वेगळी नोंदवायला सांगितली आहे. आणि मावशीला आधी विचारायलाही.