‘बुद्धिबळ प्रशिक्षण’ म्हणजे नेमकं काय शिकवलं?

पीएच.डी.साठी विषय शोधताना ‘बुद्धिबळ प्रशिक्षणाचा पाचवीच्या विद्यार्थ्यांच्या गणित संपादणुकीवर होणारा परिणाम’ असं काहीतरी तुमच्या डोक्यात आलं असेल, तर सिनॉप्सिस लिहिण्याआधी थोडं थांबा. गाईड तुम्हाला ‘परिणाम’ या शब्दावर छळेल. खरा घोळ ‘बुद्धिबळ प्रशिक्षण’ या दोन शब्दांत आहे.

या विषयावर सगळेजण ज्याचा हवाला देतात तो साला आणि गोबे यांचा २०१६ चा पेपर. त्यांनी २४ अभ्यास एकत्र करून मेटा-अ‍ॅनालिसिस केलं. एकूण परिणाम ०.३४ च्या आसपास निघाला, गणितात वाचनापेक्षा जरा जास्त. वर्तमानपत्री मथळा इथेच संपतो. पण लेखकांनी स्वतःच बजावलंय की बहुतेक अभ्यासांत दुसऱ्या गटाला तुलनेसाठी वेगळं काहीच नवीन शिकवलेलं नव्हतं. म्हणजे फरक बुद्धिबळामुळे पडला की नव्या सरांच्या, नव्या तासाच्या उत्साहामुळे, हे वेगळं काढता येत नाही. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या १०० प्राथमिक शाळांवरच्या रँडमाइज्ड चाचणीचा अहवाल आला. ९-१० वर्षांची मुलं, ३० तासांचं प्रशिक्षण. ते संपल्यावर वर्षभराने गणिताच्या परीक्षेत दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

इथपर्यंत सगळी चर्चा डिझाइनची. माझा आक्षेप त्याच्या आधीचा आहे. मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये प्रशिक्षण मोजलं गेलं ते तासांत. इंग्लंडच्या चाचणीत निदान एक ठरलेला अभ्यासक्रम तरी होता. पण ‘२५ तास बुद्धिबळ’ एवढंच वाचून त्या तासांत मुलांनी काय केलं हे कळतं का? औषधाच्या चाचणीत ‘रोज दोन गोळ्या’ लिहून गोळीत काय होतं ते कोणी गाळलं, तर तुम्ही तो पेपर बाजूला ठेवाल ना?

तुमच्या जवळच्या कुठल्याही क्लासमध्ये जाऊन बसा. सात-आठ वर्षांच्या मुलांना सोंगट्यांच्या चाली कळल्या न कळल्या तोच इटालियन ओपनिंग सुरू होतं. ई४, ई५, घोडा एफ३, घोडा सी६, उंट सी४. मुलं घडाघडा म्हणतात, पालक खूश. समोरच्याने दुसऱ्या चालीला घोड्याऐवजी प्यादं डी६ला सरकवलं, तर मूल तरीही उंट सी४लाच नेतं. चाल वाईट नाही, पण का केली विचारलं तर उत्तर येतं, ‘सरांनी सांगितलंय.’ चार चालींत मात देण्याचंही तेच. वजीर एच५वर आला आणि समोरच्याने जी६ खेळून तो हाकलला की पाठांतर संपतं.

याच्या समर्थनार्थ काही जण चेस आणि सायमन यांचा १९७३ चा प्रयोग पुढे करतात. मास्टर खेळाडूला काही सेकंद पट दाखवला तर तो तो जवळजवळ तसाच मांडतो, म्हणून मुलांकडून मांडण्या पाठ करून घ्या, हा त्यांचा युक्तिवाद. पण प्रयोगाचा दुसरा भाग बघा. सोंगट्या अस्ताव्यस्त मांडल्या तेव्हा मास्टरची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. (पुढे गोबे आणि सायमन यांनी १९९६ मध्ये थोडी उरते असं दाखवलं, पण थोडीच.) म्हणजे त्याला आठवतं ते सोंगट्यांचे एकमेकींशी असलेले संबंध ओळखीचे असतात म्हणून. सोळा चाली म्हणून दाखवणाऱ्या मुलाकडे ते संबंध आहेत, असं हा प्रयोग कुठेच म्हणत नाही.

आणि याच क्लासमध्ये प्याद्याचे खास नियम ‘नंतर बघू’ म्हणून ढकलले जातात. मला हे उलटं वाटतं. नुसती आठ-आठ प्यादी आणि दोन राजे मांडा. ज्याचं प्यादं आधी पलीकडे पोचेल तो जिंकला. दहा मिनिटांत भांडण होतं. पांढरं प्यादं ई५वर दबा धरून बसलंय, आणि काळ्याने डी७वरून एकदम दोन घरं टाकून डी५ गाठलं, निसटलं! ‘सर, हे चीटिंग आहे.’ इथे एन पासाँ सांगा (मुलं ‘एन पासंट’ म्हणतात, म्हणू द्या). प्यादं एकच घर चाललं असतं तर मारता आलं असतं, म्हणून लगेचच्या चालीत तसंच मारायची मुभा. नियमाची गरज मुलाला आधी कळलेली असते.

इतिहासही हाच आहे. आपल्याकडच्या जुन्या देशी खेळात प्यादं साधारणपणे पहिल्या चालीतही एकच घर सरकायचं, त्यामुळे हा नियम लागायचाच नाही. युरोपात खेळ वेगवान करायला दोन घरांची सूट आली आणि तिच्यातून पडलेलं भोक या नियमाने बुजवलं. देशी नियमांवर वाढलेल्या मीर सुलतान खानने १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. ओपनिंगचं पुस्तकी ज्ञान ही त्याची कायम कच्ची बाजू मानली गेली. एका अलौकिक माणसावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. पण ‘ओपनिंगशिवाय पायाच नाही’ हे म्हणणं खोडायला एक उदाहरण पुरतं.

संशोधनासाठी या नियमात आणखी एक गंमत आहे. मारता येईल की नाही हे पटाकडे नुसतं बघून बहुतेक वेळा सांगता येत नाही, आधीची चाल माहीत असावी लागते. म्हणून तर संगणकासाठी डाव लिहिण्याच्या ‘फेन’ पद्धतीत सोंगट्यांच्या जागांशिवाय एन पासाँच्या घराची वेगळी नोंद ठेवतात.

यातून पोस्ट-टेस्टचा एक प्रश्न सहज तयार होतो. पांढरं प्यादं ई५, काळं डी५, पांढऱ्याची चाल. ‘काळं प्यादं मारता येईल का?’ नुसतं ‘हो’ किंवा नुसतं ‘नाही’ याला शून्य गुण. ‘काळ्याची शेवटची चाल कोणती होती?’ असं उलट विचारणाऱ्याला पूर्ण गुण. ओपनिंगवाल्या आणि प्यादीवाल्या, दोन्ही गटांना नियम शिकवून झाल्यावर हाच प्रश्न द्या. तास सारखे ठेवा, शिकवणारी व्यक्ती एकच ठेवा, आणि तिसरा गट बुद्धिबळाऐवजी दुसऱ्या एखाद्या पटावरच्या खेळाचा घ्या.