दोन सीटच्या मधली चावी

जुन्या साबमध्ये पहिल्यांदा बसलेला माणूस चावी स्टीअरिंगपाशी लावायला जातो, पण तिथे खाच नसते. खाच खाली असते, दोन सीटच्या मधे, गिअरच्या दांड्याजवळ. 1960 च्या दशकाच्या अखेरीला आलेल्या साब 99 पासून या स्वीडिश कंपनीनं चावीची ही जागा धरून ठेवली. जगभरचे गाडीवेडे साबची आठवण काढतात तेव्हा सगळ्यात आधी तिचंच नाव घेतात.

या जागेला दोन कारणं होती आणि दोन्ही भक्कम होती. अपघातात ड्रायव्हरचा गुडघा पुढे फेकला जातो. स्टीअरिंगच्या दांड्यावर बाहेर आलेली चावी असेल तर ती थेट गुडघ्यात घुसते. चावी खाली नेली की तो धोका संपतो. दुसरं कारण कुलपाचं. इतर कंपन्या चोर अडवायला स्टीअरिंगला कुलूप घालत होत्या, साबनं ते गिअरबॉक्सला घातलं. गाडी रिव्हर्समध्ये टाकल्याशिवाय चावी निघतच नसे. चालत्या गाडीचं स्टीअरिंग चुकून अडकण्याचा प्रश्नच उरला नाही. त्या खाचेत कॉफी सांडते, बिस्किटांचा चुरा जातो, ही तक्रार साबवाले आजही करतात. पण ती करताना त्यांच्या आवाजात माया असते.

1978 ची साब 900 या विचाराचं पूर्ण रूप आहे. पुढची काच जवळजवळ उभी आणि दोन्ही बाजूंना खोल वळलेली, त्यामुळे कडेचे खांब मागे सरकतात आणि समोरचा रस्ता मोकळा होतो. डॅशबोर्ड ड्रायव्हरकडे वळतो. सतत लागणारी बटणं वर, नजरेजवळ. क्वचित लागणारी खाली. 1937 साली विमानं बनवण्यासाठी स्थापन झालेल्या कंपनीला चालकाची नजर किती मोलाची असते हे सांगावं लागत नव्हतं. मला मात्र तिचे दरवाजे सगळ्यात जास्त आवडतात. ते उंबऱ्याच्या खालपर्यंत उतरतात, म्हणून हिवाळ्यातला चिखल उंबऱ्यावर साचत नाही आणि उतरताना पँट स्वच्छ राहते. आत येणारी हवा गाळणारा फिल्टरही याच गाडीत होता. नुसतं देखणं दिसावं म्हणून या कॅबिनमध्ये काही ठेवलेलं नाही, आणि तिचं देखणेपण नेमकं त्यातच आहे.

आता याच घराण्यातली, गाडीवेड्यांनी सगळ्यात जास्त नाकारलेली कॅबिन पाहू. जनरल मोटर्सनं साबचा अर्धा हिस्सा घेतला आणि 2000 साली उरलेलाही घेतला. तेव्हा अमेरिकेत उंच, दणकट एसयूव्हींची लाट होती आणि साबच्या शोरूममध्ये तसलं एकही वाहन नव्हतं. नवी गाडी घडवायला वेळ आणि पैसा लागतो. जनरल मोटर्सनं हाताशी असलेलं दिलं : ओहायोतल्या मोरेनच्या कारखान्यात बनणारी शेवरोले ट्रेलब्लेझर. तिच्यावरून 2005 च्या मॉडेलसाठी साब 9-7एक्स तयार झाली. याच सांगाड्यावर जीएमसी, ब्यूक, ओल्ड्समोबील आणि इसुझू यांचीही नावं लागलेली होती. साबच्या ट्रोलहेटन या स्वीडिश गावावरून शौकिनांनी तिला 'ट्रोलब्लेझर' म्हणून हिणवलं.

ती मुळात ट्रक आहे. नाशिकला बनणाऱ्या बोलेरोसारखी, वेगळ्या लोखंडी चासीवर बॉडी बसवलेली. चासीवर बसलेली फरशी उंच असते, म्हणून आत चढावं लागतं आणि नजर बाकीच्या गाड्यांच्या वरून जाते. 900 मध्ये माणूस गाडीत उतरून बसतो, इथे तो तिच्यावर बसतो. ट्रकच्या कॅबिनचं स्वतःचं शहाणपण असतं : ऐसपैस सीटा, हातमोजे घालूनही फिरवता येतील असे ठसठशीत नॉब, खांद्यांना मोकळी जागा. अमेरिकेत कितीतरी कामगार आणि शेतकरी दिवसाचा मोठा भाग अशाच कॅबिनमध्ये काढतात, आणि तिच्या साधेपणाला मी कमी लेखणार नाही.

9-7एक्सच्या डॅशबोर्डवर साबच्या खुणा आहेत. छोट्या दांडीनं हव्या त्या दिशेला वळणाऱ्या हवेच्या जाळ्या, लाकडी पोताची पट्टी, आणि चावी दोन सीटच्या मधे. ट्रेलब्लेझरमध्ये ती स्टीअरिंगपाशी होती. ती खाली आणायची म्हणजे कन्सोल नवा, वायरिंग नवं, गिअरशी जोडलेलं कुलूप नवं. हे नुसतं नावाची पाटी बदलण्याचं काम नाही. सस्पेन्शनही खाली आणून ताठ केलं होतं. कुणीतरी मन लावून, हट्टानं हे केलंय, आणि 'नुसता बिल्ला बदलला' म्हणणारे शौकीन त्या श्रमांवर अन्याय करतात असं मला ठामपणे वाटतं.

पण चावीमागची कारणं इथपर्यंत पूर्ण पोचलेली नाहीत. गुडघ्याचं कारण शिल्लक आहे. रिव्हर्सचं कुलूप गेलं, कारण गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आहे आणि ऑटोमॅटिक गाडीची चावी पार्कमध्येच निघते, मग ती कुठेही असो. उरते ती मुख्यतः ओळख. तीच गत इंजिनाची. दोन लिटरच्या इंजिनाला टर्बो लावून मोठ्या इंजिनांना मागे टाकणं हा साबचा अभिमान. 9-7एक्सच्या एअरो आवृत्तीत सहा लिटरचं व्ही-8 होतं. ते जबरदस्त पळतं, पण त्यात ट्रोलहेटनच्या इंजिनिअरांचा विचार नाही.

शौकिनांच्या रागाचा खरा आधार मला गाडीच्या बाहेर सापडतो. साबची मोठी सेडान 9-5 ही 1997 साली आली आणि तब्बल बारा वर्षं तीच पुन्हा पुन्हा सजवून विकावी लागली. त्या काळात ऑडी आणि बीएमडब्ल्यूनं आपल्या गाड्या पिढ्यांनी बदलल्या. सुबारूवरून केलेली 9-2एक्स दोनच वर्षं टिकली. मोरेनचा कारखाना डिसेंबर 2008 मध्ये बंद झाला. जून 2009 मध्ये जनरल मोटर्स स्वतःच दिवाळखोरीत गेली आणि 2010 च्या सुरुवातीला साब नेदरलँड्सच्या स्पायकरकडे गेली.

नवी 9-5 त्यानंतर रस्त्यावर आली. तीही जनरल मोटर्सच्याच पायावर उभी होती, पण तिच्या कॅबिनमध्ये पुन्हा साबचं डोकं दिसतं : डॅशबोर्ड ड्रायव्हरकडे वळलेला, वेग विमानातल्या उंचीमापकाच्या धर्तीवर दाखवणारी सोय, आणि इंजिन सुरू करायचं बटण गिअरच्या दांड्याजवळ. तिला बाजारात जेमतेम वर्ष मिळालं. 19 डिसेंबर 2011 रोजी साबनं दिवाळखोरीचा अर्ज केला. ओहायोच्या ट्रकला साबची चावी बसवताना जो पैसा आणि जी मेहनत लागली, ती 2004 साली या गाडीला मिळायला हवी होती.