'शेअर' म्हणजे काय दिलं?

तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाने संगणकावर का बोलावं, असं काहींना वाटेल. पण प्रश्न आमच्याच प्रांतातला आहे : आपली वस्तू दुसऱ्याला वापरायला देणं म्हणजे नेमकं काय देणं?

मिरजेतल्या आमच्या घरी उबुंटू लिनक्सचा डेस्कटॉप आहे. त्यातली आमची टिपणं सुनेच्या लॅपटॉपवर दिसावीत म्हणून आम्ही फोल्डरवर राइट-क्लिक करून 'शेअर' केलं. पासवर्डाविना प्रवेश, इतरांना बदल करण्याची मुभा, दोन्ही चौकटींत खूण केली. तिकडे फोल्डरचं नाव दिसलं, पण ते उघडेना. 'परवानगी नाही', एवढंच उत्तर. कुणी म्हणालं, ७७७ द्या. म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं! तेही दिलं. तरी दार बंदच.

घोटाळा असा. विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांना असं फोल्डर दिसावं, हे काम सांबा करतो. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ मध्ये ऑस्ट्रेलियात तो लिहायला घेतला. सांबाची परवानगी वेगळी, लिनक्सची वेगळी. दोन्ही जुळल्या तरच प्रवेश. त्यात उबुंटूच्या २१.०४ आवृत्तीपासून नवं होम फोल्डर परक्यांना बंद असतं. आम्ही माजघर उघडलं होतं, वाड्याचा दिंडी दरवाजा लावलेलाच! फोल्डर होमच्या बाहेर हलवून पुन्हा शेअर केलं, आणि उघडलं.

पण ७७७ तसंच राहिलं. आठवड्यातच नातवाने खेळता खेळता कांटवरचं एक व्याख्यान पुसलं. नेटवर्कवरून पुसलेली फाइल एरवी कचरापेटीत जात नाही. ती गेली ती गेलीच.

आमचा आक्षेप दोन कुलपांवर नाही, ती असावीतच. आक्षेप त्या निरोपावर आहे, जो कुठलं कुलूप लागलंय ते सांगत नाही. मग माणूस कंटाळतो आणि सगळीच दारं सताड उघडतो. 'शेअर' या एकाच शब्दात वाचू देणं आणि लिहू देणं एकत्र कोंबलंय, हा दुसरा आक्षेप.

आपल्या मिरजेने हा भेद कधीच जाणला होता. इथे शिक्षक असलेल्या वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून छापली. छापील खंड कुणीही वाचावा, समासात टीपही लिहावी. मूळ पत्रातली वेलांटीसुद्धा त्याने हलत नाही.

आता आमच्या घरी सुनेला सांबाचा स्वतंत्र पासवर्ड आहे, आणि फोल्डर फक्त वाचण्यापुरतं. तुम्हीही बटण दाबण्याआधी विचारा : वाचणार कोण, लिहिणार कोण, आणि दुसरी प्रत कुठे आहे? तिसरा प्रश्न आम्हाला उशिरा सुचला.